मापात पाप

धर्मग्रंथांत पापांची यादी असते, तशी प्रत्येक समाजाच्या मनात संतापाचीही एक यादी असते. पहिली यादी लिहिलेली असते, मदरशात शिकवली जाते, जुम्म्याच्या बयानात सांगितली जाते. दुसरी कोणी लिहून ठेवत नाही, पण ती सर्वांना पाठ असते. कोणत्या गुनाहगाराला चहा पाजायचा, कोणाकडे काणाडोळा करायचा आणि कोणाला वाळीत टाकायचे, हे ती दुसरी यादी ठरवते. या दोन याद्या शेजारी ठेवल्या तर त्यांचा क्रम जुळत नाही. समलिंगी संबंधांचा विषय निघाला की ही विसंगती सर्वांत ठळकपणे दिसते.

व्याज खाणारा माणूस मोहल्ल्यात राहतो. दारू पिणाराही राहतो. बहिणीचा हिस्सा गिळणारा तर पहिल्या सफमध्ये नमाजला उभा असतो, कधी कधी जमातीचा कारभारही तोच पाहतो. त्यांच्याविषयी लोक मागे बोलतात, नाही असे नाही. पण त्यांच्या घरी शादी निघाली तर आपण सारे दावतीला जातो. मात्र अमक्याचा मुलगा 'तसा' आहे, अशी नुसती कुजबुज झाली तरी ते घर एका रात्रीत परके होते. मग बहिणीच्या सोयरिकी मोडतात, बाप मशिदीत खाली मान घालून येतो, आणि मुलाला घर सोडावे लागते. एका गुनाहाला दावत आणि दुसऱ्याला देशोधडी, हा फरक कुठून येतो, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

समलिंगी संबंध इस्लाममध्ये जायज आहेत की नाहीत, हा वाद आम्ही येथे घालत नाही. सुन्नी फिकहच्या चारही परंपरांनी त्या कृतीला गुनाह मानले आहे, हे स्वच्छपणे मान्य करूनच पुढे जायला हवे. अलीकडे स्कॉट सिराजुल हक कुगल यांच्यासारख्या अभ्यासकांनी हजरत लूत यांच्या कथेचे निराळे वाचन मांडले आहे. ते कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. आमचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. ही कृती गुनाह आहे असे घटकाभर धरून चालू. मग इतर गुनाहांच्या तुलनेत तिच्यावरच एवढी आग का?

यावर पहिले उत्तर तयारच असते. हा गुनाह सर्वांत मोठा आहे, त्यासाठी अल्लाहने एक अख्खी वस्ती उलथून टाकली, म्हणून संताप मोठा. हे उत्तर कुरआनसमोर ठेवून तपासले पाहिजे.

सूरह बकरामध्ये व्याज न सोडणाऱ्यांना अल्लाह आणि त्याच्या रसुलाकडून युद्धाचा इशारा दिला आहे. हदीसमध्ये व्याज घेणारा, देणारा, त्याचा कागद लिहिणारा आणि त्यावर साक्ष देणारे, अशा सर्वांचा एकत्र धिक्कार आहे. सूरह निसामध्ये यतिमांचे धन खाणारे आपल्या पोटात आग भरत आहेत, असे म्हटले आहे. सूरह हुजुरातमध्ये पाठीमागे निंदा करणे म्हणजे मेलेल्या भावाचे मांस खाणे, अशी उपमा आली आहे. चहाच्या टपरीवर बसून 'तसल्या' मुलाविषयी चघळत बसणाऱ्याला आपण त्या क्षणी काय खात आहोत, याची आठवण कोणी करून देत नाही.

सूरह निसाचा क्रम तर फारच बोलका आहे. अकराव्या आणि बाराव्या आयतीत वारसांचे हिस्से ठरवून दिले आहेत, मुलीचा हिस्साही त्यातच आहे. तेराव्या-चौदाव्या आयतीत या अल्लाहने आखलेल्या सीमा आहेत असे सांगून त्या ओलांडणाऱ्याला कायमच्या आगीची ताकीद दिली आहे. पुढे सोळाव्या आयतीत बदकृत्य करणाऱ्या दोघांचा उल्लेख येतो. काही भाष्यकारांनी, त्यांत अबू मुस्लिम इस्फहानी आले, त्याचा अर्थ दोन पुरुष असा घेतला आहे. तेथे त्यांना शिक्षा करा असे सांगून लगेच म्हटले आहे की त्यांनी तौबा केली, सुधारले, तर त्यांचा नाद सोडा. म्हणजे ज्यांनी हा अर्थ स्वीकारला त्यांच्या दृष्टीने एकाच पानावर मुलीचा वाटा बुडवणाऱ्याला कायमची आग आहे आणि त्या दोघांसाठी परतीचे दार उघडे आहे. आपल्या समाजात नेमके उलटे घडते. मुलीचा वाटा बुडवणाऱ्याला सारी दारे उघडी असतात.

हा वाटा कसा बुडतो, हे खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक आहे. बाप गेला की बहिणींना माहेरी बोलावून प्रेमाने जेवू घालायचे आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. जी सही करत नाही तिला माहेर तुटते. १९३७ साली शरियत कायदा झाला तेव्हा त्यातून शेतजमीन वगळण्यात आली. मुसलमानाचे निकाह, तलाक, मेहर, वारसा हे सारे शरियतप्रमाणे चालावे असे त्यात ठरले, पण ज्या काळी बहुतेकांची खरी मालमत्ता जमीनच होती त्या काळी जमीन बाहेर राहिली. कायद्यातल्या या भगदाडासाठी समाज किती वेळा रस्त्यावर उतरला, याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःशी द्यावे.

आता वस्ती उलथून टाकण्याविषयी. हजरत लूत यांच्या लोकांवर आलेला अजाब कुरआनमध्ये अनेक ठिकाणी आला आहे. पण सूरह आराफ, सूरह हूद आणि सूरह शुअरा या तिन्ही ठिकाणी लूत यांची कथा संपते आणि लगेच हजरत शुऐब यांची कथा सुरू होते. त्यांच्याही लोकांवर अजाब आला, तेही नेस्तनाबूत झाले. अल्लाहला न मानण्याखेरीज त्यांच्यावरचा ठळक आरोप कोणता होता? माप आणि वजन कमी देण्याचा. दोन वस्त्या, दोन प्रेषित, एकामागोमाग एक सांगितलेल्या कथा, आणि शेवट सारखाच. पहिली कथा आपण जन्मभर लक्षात ठेवली. दुसरी कथा बाजारपेठेतल्या मशिदीत तरी वर्षातून एकदा ऐकू यायला हवी होती.

लूत यांच्या लोकांचा गुनाहही एकपदरी नाही. सूरह अनकबूतमध्ये वाटमारीचाही उल्लेख आहे. घरी आलेल्या पाहुण्यांवर बळजबरी करायला निघालेला जमाव लूत यांच्या दारावर चालून येतो आणि ते त्याला विनवतात की माझ्या पाहुण्यांच्या बाबतीत माझी अब्रू घालवू नका, हा त्या कथेचा कळस आहे. बायबलच्या जुन्या करारात तर यहेज्केल या संदेष्ट्याने सदोम नगरीचे पाप सांगताना माज, भरल्या पोटाची बेफिकिरी आणि गोरगरिबांना हात न देणे या गोष्टींचा नाव घेऊन उल्लेख केला आहे. वाचणाऱ्यांनी मात्र यातला एकच पदर उचलला, कारण बाकीचे पदर आपल्या अंगावर येणारे होते.

कायदेपंडितांचा अनुभवही हेच सांगतो. इमाम अबू हनीफा यांनी या कृतीला झिनामध्ये धरले नाही. त्यासाठी कुरआनने ठरवून दिलेली हद, म्हणजे ठाम शिक्षा, लागू होत नाही, काझीने परिस्थिती पाहून ताझीर द्यावी, असे त्यांचे मत होते. त्यांचेच शागीर्द अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी वेगळे मत दिले, इतर इमामांनी अधिक कडक मते दिली. म्हणजे शिक्षेवर एकमत नव्हते. भारतातले बहुसंख्य मुसलमान स्वतःला हनफी म्हणवतात, पण त्यांच्यापैकी किती जणांना आपल्या इमामांचे हे मत ठाऊक आहे?

तेव्हा संतापाचे प्रमाण ग्रंथातून आलेले नाही. ते दुसरीकडून आले आहे आणि ग्रंथाचा आधार त्याने नंतर घेतला आहे.

दुसरे उत्तर अधिक विचार करण्याजोगे आहे. व्याज घेणारा किंवा दारू पिणारा निदान आपला गुनाह कबूल करतो, असे हे उत्तर म्हणते. हे लोक मात्र आपल्या वागण्याला गुनाहच मानत नाहीत, ते हक्क मागतात, मिरवणूक काढतात. गुनाह करणे वेगळे आणि हरामला हलाल ठरवणे वेगळे. या युक्तिवादात तथ्य आहे, आणि धर्मशास्त्रात हा भेद केलेलाही आहे.

पण तो भेद आपण सगळीकडे लावतो का? मुलाच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा हिशेब करून घेतला जाणारा हुंडा कोणी अंधारात घेत नाही. जहेजचे सामान मंडपात मांडलेले असते, लोक फिरून फिरून पाहतात. निकाहच्या मजलिशीत मेहरची रक्कम नावापुरती आणि दारात उभी असलेली मोटारसायकल मात्र नवी कोरी, हे चित्र काझीसाहेबांनाही दिसते. ते निकाह लावतात, दुआ करतात, जेवून जातात. हा गुनाह लपलेला नाही, पश्चात्तापाचा त्यात लवलेशही नाही, उलट प्रतिष्ठा आहे. हरामला हलाल ठरवणे याहून वेगळे काय असते? तरी तेथे कोणाची तळपायाची आग मस्तकाला जात नाही.

शिवाय जो लपवतो, कोणताही हक्क मागत नाही, मिरवणुकीत जात नाही, त्याला तरी आपण सोडतो का? याचे उत्तर एका मराठी माणसाच्या आयुष्यात सापडते.

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरास मूळचे नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवत. उर्दूच्या त्या बालेकिल्ल्यात त्यांनी वर्षानुवर्षे मराठी भाषेचा दिवा तेवत ठेवला. आधुनिक भारतीय भाषा विभागाचे ते प्रमुख होते. 'पायाखालची हिरवळ' हा त्यांचा कवितासंग्रह. वय ६४, निवृत्तीला थोडेच महिने उरलेले, एकटे राहणारे. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅमेरा घेतलेली माणसे विद्यापीठाच्या वसाहतीतील त्यांच्या घरात शिरली आणि त्यांचे एका रिक्षाचालकाबरोबरचे खाजगी क्षण त्यांनी चित्रित केले. विद्यापीठाने सिरास यांना निलंबित केले. खरे तर २ जुलै २००९ रोजीच दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे खाजगीतले संमतीचे संबंध कलम ३७७ च्या बाहेर काढले होते. सिरास अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. १ एप्रिल २०१० रोजी न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिल रोजी, विद्यापीठाबाहेर भाड्याने घेतलेल्या खोलीत ते मृतावस्थेत सापडले. पुढे त्यांच्यावर 'अलीगढ' नावाचा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा बऱ्याच मराठी वाचकांना हा कवी पहिल्यांदा ठाऊक झाला.

त्या प्रकरणात विद्यापीठातले अंतर्गत राजकारण किती आणि धर्मभावना किती, याची चर्चा तेव्हाही झाली. त्या वादात आम्हाला शिरायचे नाही. विद्यापीठातच शिकवणारे एक मुस्लिम प्राध्यापक उघडपणे सिरास यांच्या बाजूने उभे राहिले, हेही नोंदवले पाहिजे. आम्हाला फक्त त्या रात्रीचा हिशेब शरियतच्याच मापाने करायचा आहे.

सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या मागे हेरगिरी करायला स्पष्ट मनाई आहे. परवानगी घेतल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकू नका, असा सूरह नूरमध्ये हुकूम आहे. झिना सिद्ध करायला चार प्रत्यक्षदर्शी साक्षीदार लागतात आणि चार साक्षीदार न आणता पाकदामन स्त्रियांवर आळ घेणाऱ्यालाच ऐंशी फटके सांगितले आहेत. मोमिनांमध्ये निर्लज्जतेचा बोभाटा व्हावा असे ज्यांना वाटते त्यांना दुःखदायक शिक्षेची ताकीद आहे. जो दुसऱ्याचा दोष झाकतो त्याचा दोष अल्लाह झाकेल, अशी हदीस आहे. हजरत उमर यांच्याविषयी जुन्या ग्रंथांत एक प्रसंग सांगतात. रात्री गस्त घालताना ते एका घराच्या भिंतीवरून आत उतरले आणि घरमालकाला गुनाह करताना त्यांनी पकडले. तो म्हणाला, मी एक चूक केली, आपण तीन केल्या. आपण टेहळणी केली, दारातून आला नाहीत, आणि परवानगी न घेता आत आलात. खलिफा निरुत्तर झाले आणि माघारी फिरले.

या मापाने पाहिले तर त्या रात्री अलीगढमध्ये कोणाचे गुनाह जास्त भरतात? हेरगिरी, घरात घुसणे, बोभाटा करणे, एका वृद्ध माणसाची अब्रू चव्हाट्यावर मांडणे. घरात शिरणाऱ्यांवर गुन्हा नोंदला गेला, पण चर्चा कोणाच्या गुनाहाची झाली? लूत यांच्या कथेत अब्रू घ्यायला दारावर जमाव चालून आला होता. ती कथा तोंडपाठ असणाऱ्यांना अलीगढच्या रात्रीतला जमाव ओळखता आला नाही.

मग खरे कारण काय? आमच्या मते ते एक नाही, तीन-चार आहेत, आणि एकमेकांत गुंतलेली आहेत.

सर्वांत पहिले कारण अगदी व्यवहारी आहे. या गुनाहावर दगड मारायला काही खर्च येत नाही. व्याजाविरुद्ध बोलायचे तर बँकेतल्या मुदत ठेवीविषयी बोलावे लागते, पतपेढीच्या संचालकांना दुखवावे लागते. हुंड्याविरुद्ध बोलायचे तर स्वतःच्या मुलाचे लग्न तसे करून दाखवावे लागते. मापाविषयी बोलायचे तर मशिदीला वर्गणी देणाऱ्या दुकानदाराकडे पाहून बोलावे लागते. या सर्व गुनाहांत शंभरांतले नव्वद जण कुठे ना कुठे अडकलेले असतात. समलिंगी माणूस मात्र हजारांच्या सभेत गप्प बसलेला असतो. त्याच्यावर तुटून पडले की कोणाचेच नुकसान होत नाही, सर्वांना आपण परहेजगार असल्याचे समाधान मिळते. ज्या पापाचा मोह आपल्याला होत नाही ते पाप सर्वांत घोर वाटते, ही माणसाच्या मनाची जुनी खोड आहे. आणि ज्याला तो मोह होतो, पण कबूल करण्याची सोय नाही, तो पुष्कळदा इतरांपेक्षा मोठ्याने ओरडतो.

ही खोड फक्त मुसलमानांची नाही. २००९ च्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण कोण गेले होते ते पाहा. दिल्लीचे एक ज्योतिषी, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, मुंबईची रझा अकादमी, ख्रिस्ती चर्चच्या संघटना, बाबा रामदेव यांचे प्रतिनिधी, आणि मनुवादी म्हणवणारा एक पक्ष. जे एरवी एका सतरंजीवर बसत नाहीत ते येथे एका रांगेत उभे होते. ११ डिसेंबर २०१३ रोजी त्यांच्या मनासारखा निकाल लागला, ६ सप्टेंबर २०१८ रोजी तो फिरवला गेला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २७ सप्टेंबर २०१८ रोजी, त्याच न्यायालयाने व्यभिचाराचे कलम ४९७ रद्द केले. विवाहबाह्य संबंध कोणत्या धर्माला मान्य आहेत? कुरआनमध्ये तर झिनासाठी शंभर फटके स्पष्ट शब्दांत आहेत. पण त्या कलमाच्या बचावासाठी असा सर्वधर्मीय मोर्चा बांधला गेल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. व्यभिचार पुष्कळांना समजतो. समजणाऱ्या पापाला माणूस सवलत देतो.

ख्रिस्ती जगाचा इतिहासही याच वाटेने गेला आहे. दांतेने आपल्या महाकाव्यात समलिंगी संबंध ठेवणारे आणि व्याजखोर यांना नरकाच्या एकाच, म्हणजे सातव्या वर्तुळात ठेवले होते. त्यापूर्वी ११७९ सालच्या लॅटरन परिषदेने उघड व्याजखोरांना ख्रिस्ती दफनही नाकारले होते. पुढे युरोपात व्यापार वाढला, बँका आल्या, आणि व्याजखोर हळूहळू त्या वर्तुळातून बाहेर पडून शहराचा प्रतिष्ठित नागरिक झाला. दुसरा मात्र तेथेच राहिला. येशूने घटस्फोटाविरुद्ध बोलल्याचे शुभवर्तमानांत स्पष्ट आहे, समलिंगी संबंधांविषयी त्याचे एकही वचन तेथे नाही. तरीही घटस्फोटितांच्या पुनर्विवाहाला चर्च ऑफ इंग्लंडने २००२ साली वाट करून दिली, आणि २००३ साली अमेरिकेत एका उघडपणे समलिंगी असलेल्या धर्मगुरूला बिशप केल्यावर जगभरचा अँग्लिकन पंथ फुटायला आला. जे पाप बहुसंख्यांच्या गरजेचे झाले त्याला पोटात घेण्याची कला सर्व धर्मांना अवगत आहे.

दुसरे कारण पुरुषपणाविषयीचे आहे. अशा मुलाला हिणवताना मोहल्ल्यात जे शब्द वापरले जातात ते ऐका. 'बायल्या' ही शिवी पापाविषयी काही सांगत नाही, ती फक्त एवढेच सांगते की पुरुषाने बाईसारखे होणे यापरती नामुष्की नाही. ज्या समाजात बाई असणे हेच कमीपणाचे मानले जाते तेथे स्वेच्छेने 'खाली उतरणारा' पुरुष सर्व पुरुषांचा अपमान वाटतो. दोन स्त्रियांच्या संबंधांविषयी मात्र समाज सहसा गप्प असतो, कारण बाईला स्वतःची इच्छा असते हेच त्याला मान्य नसते. इस्मत चुगताई यांनी १९४२ साली 'लिहाफ' लिहिली तेव्हा ते मौन मोडले, आणि त्यांना लाहोरच्या कोर्टात खेटे घालावे लागले. म्हणून हा द्वेष आणि स्त्रीविषयीची तुच्छता ही एकाच मुळाची दोन झाडे आहेत, असे आम्हाला वाटते.

तिसरे कारण घराण्याचे आणि समाजाच्या भीतीचे आहे. मुलगा म्हणजे वंश, वारसा, म्हातारपणाची काठी. दारू पिणारा मुलगाही लग्न करतो, त्याला लेकरे होतात, घराचा गाडा चालतो. हा मुलगा ती साखळीच तोडतो असे आईबापांना वाटते. त्यातून आपण अल्पसंख्य. नोकरी, घर, सुरक्षितता यांबाबत ज्याच्या हाती फारसे काही उरलेले नाही तो समाज कुटुंबाला शेवटचा किल्ला समजतो आणि त्याच्या भिंतीला जरा तडा गेला तरी घाबरतो. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण किल्ल्याच्या रक्षणासाठी आपलेच लेकरू तटावरून खाली ढकलायचे, हा कोणता बंदोबस्त?

चौथे कारण म्हणजे हे सारे बाहेरून आले आहे, हा समज. आपण म्हणतो, ही पश्चिमेची देणगी आहे. गंमत अशी की पश्चिमेलाही एकेकाळी असेच वाटत होते. रिचर्ड बर्टन या इंग्रजाने अरबी कथांच्या आपल्या अनुवादाला १८८६ च्या सुमारास जोडलेल्या निबंधात या प्रवृत्तीचा एक भौगोलिक पट्टाच आखला होता, आणि बहुतेक मुसलमानी मुलूख त्यात घातला होता. प्रत्येकाला हे पाप शेजाऱ्याचे वाटते. वास्तविक महमूद गझनवी आणि अयाझ ही जोडी फारसी कवींनी प्रेमाचा दाखला म्हणून शतकानुशतके वापरली. मीर तकी मीर यांच्या काव्यात सुंदर तरुणांविषयीचे शेर आहेत. उर्दू गझलेतला माशूक पुल्लिंगी असतो याची लाज हाली यांना वाटली ती १८९३ साली, 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी'त. इंग्रजांनी १८६० साली दंडसंहितेत कलम ३७७ घातले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८५८ साली, खलिफाच्या उस्मानी राज्यात जी नवी दंडसंहिता आली तिच्यात सज्ञानांच्या खाजगी समलिंगी संबंधांना शिक्षाच नव्हती. जुन्या काळच्या उलेमांना ही कृती मान्य होती, असा याचा अर्थ नाही. ते तिला गुनाहच म्हणत. पण इतर गुनाहांच्या रांगेतला एक गुनाह, एवढीच तिची जागा होती. तिला रांगेतून बाहेर काढून चौकात उभे करण्याचे काम व्हिक्टोरियन नीतीने केले, आणि आपण तिलाच आपली तहजीब समजून बसलो. आज कलम ३७७ हयात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते घेतलेलेही नाही. साहेब गेला, त्याचे कलमही गेले, त्याची नजर मात्र आपल्या डोळ्यांत राहिली.

या साऱ्याची किंमत कोण मोजतो? पहिला अर्थातच तो मुलगा किंवा ती मुलगी. रमजानमध्ये पूर्ण रोजे ठेवणारा, कुरआन सुंदर पढणारा एखादा तरुण मशिदीच्या पायरीवर येऊन परत फिरतो, कारण आतल्या बयानात आपल्याविषयी काय बोलले जाईल हे त्याला ठाऊक असते. व्याजखोराला आत जागा आहे, त्याला नाही. ज्याला तौबाची सर्वांत जास्त गरज आहे असे आपण म्हणतो त्यालाच आपण तौबाच्या जागेपासून हाकलतो. मग तो धर्मापासून दुरावला म्हणून पुन्हा त्यालाच दोष देतो.

दुसरी किंमत मोजते एक अनोळखी मुलगी. मुलगा 'तसा' आहे असे कळले की त्याचे लग्न लावून द्यायचे, सारे ठीक होईल, हा घरोघरीचा इलाज आहे. निकाह हा करार आहे, त्यात दोन्ही पक्षांची जाणती संमती लागते, हे मुलांना मदरशात शिकवायचे आणि तीच गोष्ट मुलीपासून लपवून 'कबूल है' म्हणवून घ्यायचे. ही उघडउघड फसवणूक आहे. ती मुलगी वर्षभर स्वतःलाच दोष देते, मूल होत नाही म्हणून टोमणे खाते, आणि शेवटी तलाक घेऊन बापाच्या दारात येते. एका गुनाहाच्या भीतीपोटी घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवून केलेल्या या गुनाहाचे नाव कोणत्याही बयानात येत नाही.

तिसरी किंमत दीन स्वतः मोजतो. आपल्या धर्माची ओळख त्याच्या न्यायावरून व्हावी, अशी आपली इच्छा असते. व्याज, हुंडा, वाटणी, मजुरी या रोजच्या गोष्टींत जेव्हा धर्म गप्प बसतो आणि कोणाच्या शेजघराविषयी मात्र गर्जना करतो, तेव्हा विचार करणारी तरुण पिढी एकच निष्कर्ष काढते, की येथे बलवानांचे गुनाह झाकले जातात आणि दुबळ्यांचे मोजले जातात. हा निष्कर्ष इस्लामविषयी चुकीचा आहे, पण मुसलमानांविषयी तो खोडून काढणे अवघड आहे.

आमची मागणी फार छोटी आहे. कोणत्याही आलिमने आपला फतवा बदलावा असे आम्ही म्हणत नाही. ज्याला जे गुनाह वाटते ते त्याने गुनाह म्हणावे. फक्त सर्व गुनाहांना एकच तराजू लावावा. बहिणीचा वाटा खाणाऱ्याला जेवढा वाळीत टाकाल तेवढेच याला टाका. हुंडा घेणाऱ्याच्या दावतीला जाणार असाल तर याच्याही दुखण्याखुपण्याला जा. दारुड्या मुलासाठी जशी दुआ मागता, घरचे दार त्याच्यासाठी जसे रात्री उघडे ठेवता, तसे या मुलासाठीही ठेवा. आणि कोणाच्या बंद दाराआड डोकावण्याचा मोह झालाच तर हजरत उमर कसे माघारी फिरले, ते आठवा.

सूरह मुतफ्फिफीनची सुरुवात मापात पाप करणाऱ्यांच्या धिक्काराने होते. घेताना ते पुरेपूर मोजून घेतात आणि देताना कमी भरतात, असे तेथे त्यांचे वर्णन आहे. ही आयत आपण धान्याच्या दुकानापुरती ठेवली. माणसांच्या गुनाहांचे माप करतानाही ती लागू होते, असे आम्हाला वाटते. स्वतःसाठी अल्लाहची रहमत पुरेपूर मोजून मागायची आणि दुसऱ्याची वेळ आली की मापाखाली बोट लावायचे, हा धंदा शुऐब यांच्या लोकांचाच आहे. त्यांचे पुढे काय झाले, हे कुरआन वाचणाऱ्यांना सांगायला नको.